उतरवणीचं आधी ठरवा

पंचगंगेच्या घाटावर चार दिवसांसाठी बसायला जागा, सावली आणि छोटं व्यासपीठ करायचं ठरलं, की आयोजक पहिल्याच बैठकीत बांबू की लोखंड यावर अडतात. ती चर्चा नंतरची. हे काढणार कोण, कधी, आणि नेऊन ठेवणार कुठे, हे आधी ठरवा. कोल्हापुरात हे सांगावं लागतं याचाच मला संताप येतो. देशभर आपल्या गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्यात दगडी खांब कायमचे, त्यांच्यामधल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, तात्पुरते. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस सरल्यावर पुन्हा घालायचे, मधल्या काळात रचून ठेवायचे. आणि पाऊस काय करतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 साली पाणी 55 च्या वर गेलं. घाट तर इशाऱ्याच्या कितीतरी आधीच बुडतो.

‘बांबू, ताग कुजणारच, राहिलं थोडं तर काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्यांनी मांडव जवळून पाहिलेला नसतो. त्यात नायलॉनची दोरी असते, खिळे असतात, तागावर ऑइलपेंट असतो. (‘पर्यावरणपूरक उपक्रम’ हा फलकसुद्धा फ्लेक्सचा!) वाहून गेलेले वासे पुढच्या बंधाऱ्याच्या गाळ्यांत अडकतात ते वेगळंच. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड मुरवलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, पण सतत पाणी लागलं की तेही धुऊन जातं. म्हणून बांबूचा पाय ओल्या फरशीवर टेकवू नका, खाली जड बैठक द्या. घाटाच्या दगडाला भोक पाडू नका. बांधायला काथ्याच वापरा. बाकी काम चोख करा, हे वेगळं सांगायला नको.

भाड्याचे लोखंडी पाइप वर्षानुवर्षं फिरतात, मग पर्यावरणाला तेच बरे नाहीत का? बऱ्याचदा बरेच, मी नाकारत नाही. पण ते बरे ठरतात, कारण मंडपवाला आपला माल न्यायला न चुकता येतो. विकत आणलेल्या बांबूला असा धनी नसतो. उद्घाटनाला फोटोत पुढे असलेले आयोजक उतरवणीचं बिल पाहिलं की ‘नदी नेईल की’ म्हणतात, आणि काठावर राहिलेल्या सांगाड्यावर नाव मात्र रचनाकाराचं लागतं. त्यामुळे रचनाकारांनो, उतरवणी अंदाजपत्रकात वेगळी दाखवा, तारीख घाला, आणि तिचे पैसे पहिला वासा उभा राहण्याआधी घ्या. कुरकुर झाली तर काम सोडा.