विहिरीवरील पंप व हवेचा भार

वैशाखात विहिरीचे पाणी खोल गेले, की पालमसारख्या भागात काठावरचे पंप अडू लागतात. मोटार सुरळीत फिरते, वीजही पुरेशी असते. परंतु पाइपातून पाणी येत नाही. मोटारीत जोर उरला नाही असे समजून काही शेतकरी तीन अश्वशक्तीच्या जागी पाच अश्वशक्तीची मोटार आणतात. तीही काठावरच बसविली तर पाणी येत नाही आणि पैसा मात्र जातो. याचे कारण गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस नीट समजावून दिले पाहिजे.

वस्तुतः पंप पाणी ओढीतच नाही. शहाळ्यातील पाणी नळीने पिताना माणूस तोंडातील हवेचा दाब कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा भार शहाळ्यातील पाण्यास नळीतून वर लोटतो. नळीस भोक असल्यास पाणी चढत नाही. शहरांतील घरांत धूळ काढण्याचे जे यंत्र वापरतात, त्याचेही तत्त्व हेच. ह्यूबर्ट बूथ यांनी 1901 साली इंग्लंडमध्ये असे यंत्र प्रचारात आणले. त्यात आतील हवा बाहेर काढली जाते व बाहेरची हवा धुळीसह आत धावते. विहिरीवरील पंपाचा पंखा पाणी कडेला फेकतो, त्यामुळे मध्यभागी दाब घटतो, आणि विहिरीतील पाण्यावर टेकलेली हवा पाणी तिकडे चढविते. पंपात पाण्याऐवजी हवा असली तर हलकी हवा फेकून हा दाब पुरेसा घटत नाही. म्हणूनच पंप सुरू करण्यापूर्वी तो पाण्याने भरून घ्यावा लागतो.

आता हवेचा भार काही अमर्याद नाही. इटलीतील टॉरिचेली यांनी सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीने तो मोजून दाखविला. समुद्रकाठी पूर्ण निर्वात पोकळी केली तरी हवा पाणी सुमारे 10.3 मीटर, म्हणजे 34 फूटच चढवू शकते. पालमचा प्रदेश समुद्रसपाटीहून सुमारे चारशे मीटर उंच असल्याने येथे त्यातून जवळजवळ अर्धा मीटर कमी होतो. पाइपातील घर्षण व उन्हाळ्यातील पाण्याची वाफ आणखी वजावट करतात. म्हणून पंप पाण्याच्या पातळीपासून वीस-बावीस फुटांहून उंच ठेवू नये. पंधरा फुटांच्या आत असल्यास उत्तम. अश्वशक्ती वाढविल्याने पंपाच्या पुढे पाणी अधिक उंच जाईल, पंपाच्या खाली मात्र हवेचा भार तेवढाच राहील. मर्यादा ओलांडली म्हणजे पंपातच पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, आत खडे घातल्यासारखा आवाज येतो व पंख्यास खड्डे पडतात.

अंतर योग्य असूनही पाणी तुटत असेल, तर बहुधा सक्शनच्या पाइपात हवा शिरत असते. चालू पंपाच्या प्रत्येक सांध्याजवळ पेटलेली उदबत्ती धरावी. धूर जेथे आत ओढला जाईल तेथे गळती समजावी. सक्शनचा पाइप पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये उंचवटा राहिल्यास तेथे हवा साठते. फूटव्हॉल्व्ह पाण्यात निदान दोन फूट बुडालेला व तळाच्या गाळापासून फूटभर वर असावा.

पातळी खोल गेल्यावर पंप विहिरीच्या आत, भिंतीस पक्का कट्टा बांधून, खाली घेणे हाच खरा उपाय होय. परंतु हे विजेच्या मोटारीसाठी. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगाची नाही, कारण या वायूत दिवा जळत राहतो आणि माणूस मात्र बेशुद्ध होतो. त्यास काढण्यास दुसरा उतरला तर तोही दगावण्याची भीती असते. म्हणून स्वतः न उतरता तात्काळ अग्निशमन दलास बोलवावे.

ज्यांची विहीर दर उन्हाळ्यात फार खोल जाते, त्यांनी पाणबुडी पंपाचा विचार करावा. तो पाण्यातच बुडालेला असल्याने पाणी खालून वर ढकलतो, व वर सांगितलेली चढाची मर्यादा त्यास लागू पडत नाही.