घरून प्रोजेक्ट करताना

सुट्टीत प्रोजेक्ट ग्रुपचे चौघं चार गावांना पांगतात, सबमिशन मात्र एकच असतं. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येतं, घरी ती सोय नाही. अशा वेळी मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली गिट. लिनक्सवर काम करणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. त्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केलं. कमिट करायला इंटरनेट लागत नाही, पुश करताना मात्र लागतं. लहानसा बदल झाला की कमिट करा आणि काय बदललं, का बदललं ते एका ओळीत लिहा. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाइलींपेक्षा हे बरं! रात्री न चुकता पुश करा, म्हणजे एखाद्याचा लॅपटॉप बंद पडला तरी ग्रुपचं काम शाबूत राहतं.

दुसरी पोमोदोरो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून ही पद्धत सुरू केली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. घरी दळणासाठी हाक येणारच. "आई, दहा मिनिटांत उठतो" असं सांगा आणि टायमर वाजला की खरंच उठा. मग घरचेही तुमची वेळ पाळतात.

उठण्याआधी पुढची पायरी वहीत लिहून ठेवा. परत बसल्यावर 'कुठे होतो आपण?' हे शोधण्यात अर्धा तास जात नाही.