हायड्रोजनचें संशोधन आणि द्रव्यसाहाय्य



शाळेच्या प्रयोगशाळेंत जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य गंधकाम्ल ओतून हायड्रोजन वायु तयार करण्याचा प्रयोग तुम्हीं केलाच असेल. परीक्षानळीच्या तोंडाशीं जळती काडी धरतांच ‘फट्’ असा आवाज होतो आणि नळीच्या आंतल्या अंगास पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. हा वायु जळला म्हणजे पाणी होतें. धूर नाहीं, काजळी नाहीं. म्हणूनच त्यास निर्मळ इंधन म्हणतात. मग कोळसा सोडून जग हायड्रोजनवर कां चालत नाहीं, असा प्रश्न आमच्या वर्गांत दरसाल कोणी ना कोणी विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर द्रव्याशीं व धीराशीं निगडित आहे.

पृथ्वीवर मोकळा हायड्रोजन फारच थोडा सांपडतो. तो बहुतेक पाण्यांत व इतर पदार्थांत बांधलेला असतो. त्यास सोडविण्यास शक्ति खर्चावी लागते. आज जगांतील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायु व कोळसा यांपासून काढतात. नैसर्गिक वायूपासून तो एक किलो काढतांना सुमारें ९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे आपल्या चुलीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यांतून बाहेर पडला, इतकेंच! सूर्याच्या अथवा वाऱ्याच्या विजेनें पाण्याचें विघटन केलें तर तो खरोखर निर्मळ होय. पण त्यास किलोमागें ५० युनिटांच्या आसपास वीज लागते आणि त्या हायड्रोजनांत सुमारें ३३ युनिटांइतकी शक्ति हातीं येते. ही तूट कमी करणें हें प्रथमतः संशोधकाचें काम आहे.

असें काम कसें फळतें, याचें एक उदाहरण पाहूं. हायड्रोजन व प्राणवायु यांच्या संयोगानें वीज मिळते, हें विल्यम ग्रोव्ह यांनीं १८३९ च्या सुमारास दाखविलें. परंतु पुढें बराच काळ तें एक कौतुकच राहिलें. १९३२ सालीं फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज एंजिनिअरांचें लक्ष तिकडे वेधलें. नोकरींत ह्या प्रयोगांस थारा मिळेना, म्हणून त्यांनीं नोकरी सोडली. प्रथम लंडनच्या किंग्ज कॉलेजांत व १९४६ पासून केंब्रिज विद्यापीठांत त्यांनीं हें काम चालविलें. विद्युत्-उद्योगाच्या संशोधन संस्थेनें खर्च पुरविला. पुढें तो आटला, कारण ह्या यंत्रास गिऱ्हाईक दिसेना. सुदैवानें ब्रिटनच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळानें हात दिला, आणि १९५९ सालीं चाळीस घटांची, सुमारें ५ किलोवॅटची बॅटरी लोकांसमोर चालली. नंतर एका अमेरिकन कंपनीनें त्यांच्या शोधाचे हक्क घेतले. त्याच तत्त्वावरील घटांनीं अपोलो यानांस वीज व अंतराळवीरांस पिण्याचें पाणी पुरविलें. १९३२ पासून १९६९ च्या चांद्रयात्रेपर्यंत सदतीस वर्षें लोटलीं. मध्यें तुटलेली मदत तुटलेलीच राहिली असती, तर?

आपल्या देशानेंही जानेवारी २०२३ मध्यें राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यांत संशोधनाकरितां ४०० कोटी आहेत. म्हणजे शंभरांत सुमारें दोन. कोणी म्हणेल, गांवोगांवच्या गरजा डोळ्यांपुढें असतां न दिसणाऱ्या फळासाठीं एवढें तरी कां द्यावें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. गरिबाच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. परंतु दुष्काळांतही शहाणा शेतकरी बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाहीं. तयार यंत्रें विकत घेतां येतात. तीं सुधारणारीं माणसें मात्र आपल्याच विद्यापीठांत घडवावीं लागतात. म्हणून मदत थोडी असली तरी अखंड असावी, आणि फसलेला प्रयोगही प्रांजळपणें प्रसिद्ध व्हावा, म्हणजे दुसऱ्यास तीच चूक पुन्हां करावी लागणार नाहीं.

मित्रहो, पुढच्या खेपेस परीक्षानळींत ‘फट्’ आवाज झाला म्हणजे नुसते हसूं नका; नळीच्या आंतले ते थेंब नीट पाहा. वर्गांतील त्या प्रश्नाचें पुरें उत्तर आम्हांस देतां आलेलें नाहीं. तें तुमच्यापैकीं कोणी द्यावें, अशी आमची इच्छा आहे.