दीर्घ व्याधीतील सोबत आणि समाजमाध्यमे

ताप आला, औषध घेतले, उतरला. अशा दुखण्याला सोबतीची फारशी गरज लागत नाही. घरची माणसे चार दिवस उशापायथ्याशी असतात, शेजारीपाजारी विचारपूस करून जातात आणि सारे पूर्ववत होते. जन्मभर पुरणाऱ्या दुखण्याचे तसे नाही. मधुमेह, संधिवात, कंपवात, अपस्मार यांसारख्या व्याधींत रुग्णाची डॉक्टरांशी गाठ महिन्या-दोन महिन्यांतून दहा मिनिटे पडते. उरलेला सगळा काळ त्याने आपल्या दुखण्याबरोबर काढावयाचा असतो. या उरलेल्या काळात समाजमाध्यमे त्याच्या कितपत उपयोगी पडतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने काही सांगण्याचा माझा हेतू नाही.

रुग्णांनी रुग्णांना आधार देण्याची कल्पना मोबाइलबरोबर जन्मली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती शतकाहून जुनी आहे. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. आरोग्यधामात जाण्याची ऐपत नसलेले हे रोगी आठवड्यातून एकदा जमत. प्रत्येकाने घरी एक वही ठेवावयाची आणि तीत ताप, आहार, विश्रांती यांची रोजची नोंद करावयाची, असा दंडक होता. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हतेच. परंतु एकाच दुखण्यामुळे निरनिराळ्या वंशांच्या आणि धर्मांच्या माणसांत एक बंध निर्माण होतो, हे प्रॅट यांच्या ध्यानात आले. पुढे १९३५ साली अ‍ॅक्रन येथे दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. त्या दोघांपैकी एक स्वतः डॉक्टर होता, पण तेथे तो रुग्ण म्हणूनच बसला. आपल्याकडे पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ या शब्दांपेक्षा हे कितीतरी बरे, असे मला वाटते. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, समाजमाध्यमांनी यात भर घातली ती अंतर पुसण्याची आणि वेळेची.

ही भर किती मोलाची आहे, हे मी घरी पाहिले आहे. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या नवव्या वर्षी ‘टाइप १’ मधुमेह झाला. या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते, जन्मभर. आमच्या तालुक्याच्या गावी असे दुसरे मूल कोणाच्या पाहण्यात नव्हते. मधुमेह म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग, तुम्हीच पोराला गोड फार चारले असेल, असे आईला तोंडावर ऐकवणारेही भेटले. डॉक्टरांनी मात्रा नीट लिहून दिली होती. पण शाळेच्या सहलीत काय करावे, वीज गेल्यावर इन्सुलिन कसे जपावे, उपासाला बसवू पाहणाऱ्या आजीला काय सांगावे, हे कोणत्याच चिठ्ठीवर नसते. ते आईला अशाच मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील गटात मिळाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात इन्सुलिन ठेवण्याची युक्ती तिला मराठवाड्यातील एका शेतकरी बाईंनी सांगितली. एका रात्री दोन वाजता भावाची साखर ५८ भरली. आईने तीन चमचे साखर पाण्यात कालवून त्याला पाजली आणि गटात तसे लिहिले. दोन मिनिटांत उत्तर आले, “ताई, घाबरू नका. पंधरा मिनिटांनी परत तपासा. सत्तरच्या वर गेली की पोळीचा तुकडा द्या.” हे आईला ठाऊकच होते. त्या वेळी तिला दुसरे कोणीतरी जागे असायला हवे होते.

आता याहून मोठ्या पटावरचे उदाहरण घेऊ. २०२० च्या वसंतात कोविडमधून ‘बरे झालेले’ अनेक लोक आठवडेच्या आठवडे थकवा, धाप आणि विस्मरण यांनी हैराण होते. हा मनाचा खेळ आहे, असे त्यांच्यापैकी कित्येकांना सांगण्यात आले. हे लोक समाजमाध्यमांवर एकमेकांना सापडत गेले. मे महिन्यात इटलीच्या पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी ट्विटरवर ‘लाँग कोविड’ ही संज्ञा वापरली. त्याच महिन्यात एका आधारगटातील रुग्णांनी स्वतःच प्रश्नावली करून ६४० जणांच्या तक्रारींचा अहवाल प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे दुखण्याचे नाव रुग्णांनी ठेवले आणि व्याख्या मागाहून आली. प्रॅट यांची वहीच येथे सहाशे चाळीस हातांनी लिहिली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वही कधीकधी रुग्णांच्या इच्छेविरुद्धही बोलते, आणि मला तिचे महत्त्व तेथेच अधिक वाटते. ‘पेशंट्स लाइक मी’ हे संकेतस्थळ २००४ साली अमेरिकेत हेवूड बंधूंनी स्थापले. त्यांचा भाऊ स्टीफन याला एएलएस हा स्नायू निकामी करीत जाणारा असाध्य विकार झाला होता. २००८ साली इटलीतील एका लहान अभ्यासात लिथियममुळे हा विकार मंदावतो, असा निष्कर्ष निघाला. मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसांना धीर कोठून निघणार? संकेतस्थळावरील अनेकांनी लिथियम सुरू केले. पण त्यांनी आपली प्रकृती नियमाने नोंदवली, आणि त्या नोंदींची तुलना लिथियम न घेणाऱ्या सदृश रुग्णांशी करण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कटू होता: लिथियमचा उपयोग नाही. पुढील रीतसर चाचण्यांतही तेच दिसले. ज्यांना ते औषध लागू पडावे अशी सर्वांत अधिक आस होती, त्यांच्याच नोंदींनी त्याला नकार दिला.

याच्या अगदी उलट जात म्हणजे ढकललेला संदेश. त्याला लेखक नसतो, तारीख नसते आणि जाब विचारावा असा धनीही नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. रुग्णांच्या गटातील अफवेचा गाजावाजा होत नाही, एवढाच फरक. ‘अमुक पाल्याचा काढा घ्या, इन्सुलिन कायमचे बंद’ असा मजकूर आईच्या गटात वर्षातून चार-पाचदा तरी येतो. टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ले साचून जीव जाऊ शकतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु मावसबहिणीने कळवळ्याने पाठवलेला संदेश कोणी जाहिरात समजत नाही.

आईच्या गटाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा नियम शाळामास्तरी आहे: ढकललेले काही टाकावयाचे नाही, जे लिहाल ते स्वतःच्या मुलाचे, साखरेचा आकडा आणि वेळ घालून, आणि इन्सुलिनची मात्रा कोणी कोणाला सांगावयाची नाही, ती डॉक्टरांनीच. दोनदा नियम मोडला की बाहेर. काहींना हे जाचक वाटते आणि ते दुसऱ्या मोकळ्या गटात जातात. मला बाईंचेच पटते.

एक प्रश्न मात्र बाईंच्याही हाती नाही. गटात लिहिलेले कोणाच्या मालकीचे? २०१० साली नील्सन या बाजारसंशोधन कंपनीने ‘पेशंट्स लाइक मी’वर शिरून मनोविकारग्रस्तांचे खाजगी लेखन यंत्राने उचलल्याचे उघड झाले, २०१९ साली ते संकेतस्थळच आरोग्यविम्याच्या धंद्यातील युनायटेडहेल्थ समूहाने विकत घेतले. आपल्याकडे विमा कंपनीपेक्षा सोयरिकीचे भय मोठे आहे. आईच्या गटात मुलांच्या आया मुलाचे नाव, शाळा, फोटो सगळे देतात. मुलींच्या आया मात्र फोटोच्या जागी गणपती नाहीतर जास्वंद लावतात आणि ‘माझी भाची’ म्हणून प्रश्न विचारतात. ती भाची नाही हे सर्वांना कळते. कोणी तसे बोलून दाखवत नाही, आणि उत्तर भाचीच्या नावानेच देतात.