संगणक मध्येच का बंद पडतो?

डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-लहान धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा होता. या भागातील एका शाळेत, समजा, एक जुना संगणक आहे. काम चालू असताना तो अचानक बंद पडतो व आपोआप पुन्हा सुरू होतो. कोणी म्हणतो, “धक्क्यांनी खिळखिळा झाला.” कोणी म्हणतो, “वीजच धड नाही.” कोणी म्हणतो, “भंगारात काढा!” शाळेत तेवढा एकच संगणक असेल, तर निकाल घाईने देऊन कसे चालेल?

भूकंपाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ठिकठिकाणी भूकंपमापक ठेवून प्रत्येक धक्क्याची वेळ नोंदतात. आपणही एक वही करू. संगणक बंद पडला की दिनांक, वेळ, सुरू केल्यापासून गेलेली मिनिटे आणि चालू असलेले काम लिहावे. दिवे मिणमिणले का, धक्का जाणवला का, हेही लिहावे. आठवडाभरात वही बोलू लागेल.

दिवे मिणमिणताच संगणक बंद पडत असेल, तर संशय विजेवर व पेटीतील पॉवर सप्लायवर घ्यावा. हा भाग २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करतो. वीज क्षणभर खंडित झाली, तर त्यातील कपॅसिटरमधला साठा वेळ निभावून नेतो. जुना कपॅसिटर तेवढा साठा धरू शकत नाही. व्होल्टेज घसरते आणि संगणक नव्याने सुरू होतो. चांगला यूपीएस जोडून पाहावे.

दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी, जड काम चालू असताना बंद पडत असेल आणि लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडत असेल, तर कारण बहुधा उष्णता. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो व जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. मऊ ब्रशाने धूळ काढावी.

काहीच नियम दिसत नसेल, तर मेमरीची पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच पुसावेत व पट्टी घट्ट बसवावी. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत धातूवर गंज लवकर चढतो.

मात्र एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा नोंदी घ्याव्यात. तीन बदल एकदम केले, तर गुण कशाचा ते कळणार नाही.

सावधान! पेटी शिक्षकांसमक्ष आणि प्लग काढूनच उघडावी. पॉवर सप्लाय तर कधीच उघडू नये. त्यातील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

आता भूकंपाचे काय? धक्का व बिघाड एकदा एकाच वेळी आले, एवढ्यावरून धक्का दोषी ठरत नाही. धक्का बसूनही संगणक चालूच राहिला, असे किती वेळा घडले? धक्का नसतानाही तो किती वेळा बंद पडला? हे दोन्ही आकडे वहीत मांडा आणि मगच निकाल द्या.