चावीचं घड्याळ: मिळतं कितीला, पडतं कितीला

जुनं घड्याळ घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच आकडा विचारतो: केवढ्याला? खरा प्रश्न पुढचा आहे. घरी आणून, साफ करून, पट्टा लावून ते रोज मनगटावर चालायला लागेपर्यंत केवढ्याला पडलं? हे दोन आकडे आधीच मनाशी जुळवले, तर हा छंद मध्यमवर्गीय खिशाला सहज झेपतो.

सुरुवात एचएमटीपासून करावी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली आणि पुढे कित्येक घरांत नोकरीतलं किंवा लग्नातलं पहिलं घड्याळ एचएमटीचंच असे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. तरी जनता, पायलट, सोना ही चावीची घड्याळं आजही बाजारात मिळतात. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ती उघडून दुरुस्त करणारे घड्याळजीही आहेत. नवशिक्याला याहून मोठा आधार नाही.

आकार हेही मोठं कारण आहे. जनताची केस साधारण ३५ मिलिमीटरची. आजची बरीच पुरुषांची घड्याळं ४० च्या पुढे जातात, मनगटाच्या दोन्ही बाजूंना डोकावतात. जनता मात्र शर्टाच्या बाहीखाली अलगद सरकते. बारीक मनगटाच्या माणसाला ती शोभते, आणि बायकांच्या हातावरही छान दिसते.

खर्चाचा अंदाज

हे आकडे बजेट बांधण्यापुरते. गाव, घड्याळजी आणि घड्याळाची अवस्था यांप्रमाणे कमी-जास्त होतील.

• मूळ डायलचं, चालू घड्याळ: १,५०० ते ४,००० रुपये
• पूर्ण सर्व्हिसिंग (यंत्र सुटं करून धुणं, तेल देणं): ६०० ते १,२०० रुपये
• नवी काच: १०० ते २५० रुपये
• चामड्याचा पट्टा: २५० ते ७०० रुपये

म्हणजे घड्याळ हातावर येईपर्यंत अडीच ते सहा हजार. मेनस्प्रिंग (मुख्य कमान) किंवा बॅलन्स (डुलतं चाक) बदलावा लागला, तर आणखी ३०० ते ८०० रुपये बाजूला ठेवा. पुढे दर तीन वर्षांनी सर्व्हिसिंग धरलं, तर वर्षाला २०० ते ४०० रुपये. सेलचा खर्च अर्थातच नाही.

घेण्याआधी काय पाहाल?

डायल. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन चकचकीत रंगांची घड्याळं ढिगाने दिसतात. डायल नव्याने रंगवायची, तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे, असा हा माल. जगभरचे संग्राहक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. माझं पहिलं घड्याळ असंच होतं: हिरव्यागार डायलची जनता, ९०० रुपयांना. घड्याळजींनी भिंग माझ्या हातात दिलं. ‘जनता’ या अक्षरांच्या कडा शाईसारख्या फुटल्या होत्या, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळत नव्हत्या आणि आत बॅलन्सपाशी गंज होता. दुरुस्तीला १,५०० गेले. एकूण २,४०० रुपयांत मला मूळ डायलचं, निरोगी घड्याळ मिळालं असतं. म्हणून सांगतो, पिवळट पडलेली खरी डायल रंगवलेल्या डायलपेक्षा केव्हाही चांगली.

चावी. बंद घड्याळाला वीस-पंचवीस वेळा चावी द्या. हाताला हळूहळू ताण जाणवला पाहिजे. अडकलं की थांबा. चावी नुसतीच घसरत असेल, तर काम निघणार.

चाल. घड्याळ उताणं, पालथं आणि उभं धरून प्रत्येक वेळी कानाशी लावा. एखाद्या स्थितीत टिकटिक मंदावली किंवा थांबली, तर तेल वाळलंय किंवा बॅलन्सचा आस झिजलाय.

पाठ. झाकण उघडून दाखवायला सांगा. गंज आणि स्क्रूंची खरवडलेली डोकी लगेच दिसतात. उघडायला नकार मिळाला, तर घड्याळ तिथेच ठेवा.

रोजचा वापर

चावी रोज ठरलेल्या वेळी द्या. सकाळी चहाच्या आधी दिली की विसरत नाही. दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाचा फरक या वयाच्या घड्याळाला माफ. अचानक मिनिटंच्या मिनिटं पुढे धावायला लागलं, तर ते बहुधा चुंबकलंय. घड्याळजी काही क्षणांत चुंबकत्व काढून देतात. स्पीकर आणि चुंबकाची मोबाइल कव्हरं यांपासून ते दूर ठेवा. पावसाळ्यात जपा. काचेआड वाफ दिसली, तर त्याच दिवशी दुकान गाठा. आठवडाभर थांबलात की गंज धरतो. काचेवरचे बारीक ओरखडे मात्र पॉलिशने निघतात, लगेच नवी काच घेऊ नका.

आधी घरचं कपाट

सगळ्यात स्वस्त जुनं घड्याळ बहुधा घरातच असतं. माझ्या आत्याचं एचएमटी ‘सुजाता’ हे घड्याळ बांगड्यांच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून होतं. अशा घड्याळाला आधी चावी देऊ नका. सुकलेल्या तेलावर चाकं फिरली की झिजतात. थेट सर्व्हिसिंगला द्या. बायकांच्या घड्याळाचं यंत्र इवलंसं असतं, त्यामुळे मजुरी थोडी जास्त सांगतील. ती द्यावी.

आत्याच्या घड्याळाचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा दिसल्या. त्या वेळोवेळीच्या सर्व्हिसिंगच्या. शाळेच्या पगारातून आत्याने तीनदा ते जपलं होतं. आमच्या घड्याळजींनी त्याखाली चौथी खूण कोरली, झाकण बसवलं आणि ८०० रुपये घेतले.