खोपोलीचा घाट आणि भोकांची डिस्क

मराठी विभागासाठी काहीतरी ‘टेक्निकल पण समजेल असं’ लिही, असा हुकूम झाला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘विशिष्ट उष्मा’ हा शब्द मला माझ्या रूममेटने शिकवला, ती मराठी माध्यमाची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र माझा आहे, कारण त्यापायी मागच्या मे महिन्यात आम्ही पाच जण थोडक्यात वाचलो.

लोणावळ्याहून एक लग्न उरकून जुन्या हायवेने खाली खोपोलीला येत होतो. मामा गाडी चालवत होते, मागे आई, मामी आणि मी, पुढे मामेभाऊ. डिकीत आहेराची भांडी. शिंगरोबाचं देऊळ आलं तसं मामांनी रिवाजाप्रमाणे काच खाली करून नाणं टाकलं. घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मामा एकदम गप्प झाले. नंतर म्हणाले, “पेडल खाली जातंय.” आवाज इतका शांत की आईला काही कळलंच नाही. त्यांनी पेडल पंप केलं, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला मातीत घातली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक, जसं काही झालंच नाही!

घरी आल्यावर मामेभावाचं निदान तयार होतं : “कंपनीच्या डिस्क फालतू असतात. परफॉर्मन्स डिस्क टाकूया, भोकांची आणि खाचांची.” पंधरा हजारांचं कोटेशनही त्याच्याकडे होतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. “तू मेकॅनिकलला आहेस ना? तू सांग.” आता आली का पंचाईत! तिसऱ्या वर्षाला असलं तरी कोणी खरोखर विचारेल अशी माझी तयारी नव्हती.

म्हणून आधी हिशोब केला. गाडी, पाच माणसं आणि भांडी मिळून १२०० किलो धरा. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे आणि खोपोली साधारण ६० मीटरवर. त्यातला खरा घाटाचा उतार ५०० मीटर धरला, तर वजन गुणिले जी गुणिले उंची म्हणजे जवळजवळ ५९ लाख ज्यूल. ताशी ८० वेगाची हीच गाडी पूर्ण थांबवायला सुमारे ३ लाख ज्यूल लागतात. म्हणजे घाट एकदा उतरणं म्हणजे ८० च्या स्पीडला वीस वेळा ब्रेक मारून थांबणं, आणि तेही मध्ये विश्रांती न घेता.

यातला काही भाग टायर आणि हवा खातात. ४० लाख तरी उरतात. ते सगळे ब्रेकवर टाकले आणि सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात असं धरलं, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला १४ लाख. घाट १५ मिनिटांत उतरला तर हे दीड किलोवॅट होतात. होस्टेलवाल्यांना दीड किलोवॅट समजावून सांगायची गरज नाही. बादलीत टाकायचा जो रॉड रेक्टर मॅडम दर शनिवारी जप्त करतात, तो तेवढाच असतो. म्हणजे गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकात एक रॉड पंधरा मिनिटं चालू, आणि बादलीत पाणीच नाही! आमची जुनी डिस्क मी मेसच्या काट्यावर ठेवली, चार किलो भरली. (मेसच्या मावशी अजून बोलत नाहीत.) हवेने काहीच थंड झालं नसतं, तर चार किलो बिडाचं तापमान सातशे अंशांहून जास्त वाढलं असतं. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता काढून नेते, पण घाटात वेग कमी, म्हणजे वाराही कमी.

मग पेडल का बसलं? इथे दोन वेगळे रोग आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घर्षण गेलं. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑईल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय सगळा वाफ दाबण्यात जातो. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑईल होतं, म्हणून अर्ध्या तासाने सगळं ठीक! ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ ऑईल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही ही अट असते, पाणी शोषल्यावर ती १४० वर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आता आमच्या कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात, जिथे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ऑईल कोरडं कसं राहील? साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. मामांना विचारलं. ते म्हणाले, “ते बदलतात?”

म्हणजे आमचा गुन्हेगार डिस्क नव्हतीच. तरी डिस्कचा अभ्यास केला, कारण भाऊ ऐकेना.

डिस्कला भोकं आली रेसिंगमधून. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची शर्यत जिंकली, आणि नंतर सगळं जग डिस्ककडे वळलं. त्या काळचे पॅड तापले की गॅस सोडायचे, त्या गॅसला वाट म्हणून भोकं. आताच्या पॅडना तो त्रास फारच कमी. भोकांनी ओल्या डिस्कवरचं पाणी लवकर निघतं हे खरं, आणि पोर्शसारख्या गाड्यांना तशा डिस्क कंपनीतूनच येतात. पण त्या डिस्क मुळातच मोठ्या, भोकांचा हिशोब धरून बनवलेल्या. आमच्या चार किलोच्या डिस्कला कोणी ड्रिल मशीनवर भोकं पाडली, तर उष्णता साठवणारं लोखंडच कमी होतं आणि प्रत्येक भोकाच्या कडेला तडा जायला जागा मिळते. वर पावसाळ्यात रस्त्यांवरची खडी आणि चिखल भोकांत बसणार तो वेगळाच.

खाचांचं प्रकरण जरा बरं आहे. खाच पॅडचा वरचा थर खरवडते, पाणी पुसते, तड्यांची भीती कमी. बदल्यात पॅड लवकर झिजतात आणि घरघर आवाज येतो. रोज चौक-पळसदरी-कर्जत करणाऱ्याला त्याची गरज मला तरी दिसत नाही.

आणि मोठी डिस्क? हा मुद्दा मला सर्वात उशिरा कळला. थंड ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील किंवा एबीएस थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, कमी पडतंय ते टायरचं घर्षण. मग मोठ्या डिस्कने गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, एवढाच तिचा खरा फायदा. पण तिला कॅलिपर पुढे सरकवावा लागतो, कधी रिमही बदलावं लागतं, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो तो वेगळा. दोन पात्यांमध्ये हवेची वाट असलेली व्हेंटेड डिस्क घाटासाठी उत्तम, पण ती जाड असते. आमच्या कॅलिपरमध्ये ती बसतच नाही.

या घाटात ब्रेकवर एकट्याने भरवसा टाकायचा नाही हे रेल्वेला फार आधी कळलं. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, चढ ३७ ला १. जानेवारी १८६९ मध्ये उतरणाऱ्या मेलचे ब्रेक निकामी झाले आणि ती रिव्हर्सिंग स्टेशन ओलांडून खाली कोसळली. गाडी भरकटलीच तर तिला चढावर वळवायला घाटात कॅच सायडिंग आहेत. कर्जतला आपण वडापाव खातो तेवढ्यात मागे जी जादा इंजिनं लागतात, ती चढायची सोय. उतरताना गाड्या थांबत थांबत येतात ती ही भानगड!

आपल्याकडे त्याजागी दुसरा गिअर आहे. एक लिटरचं इंजिन दुसऱ्यात ४० च्या वेगाला तीन-चार किलोवॅट सहज खातं. वरच्या हिशोबात चारही चाकांचे मिळून साडेचारच होते! म्हणजे रॉड जवळजवळ बंदच. मामा मात्र पेट्रोल वाचावं म्हणून वरून न्यूट्रलमध्ये येत होते, तिसरा गिअर टाकला तो घाट बराच उतरून झाल्यावर. इंजेक्शनच्या गाड्यांत हा समज उलटा आहे. गिअरमध्ये पाय काढला की पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. हे सांगितल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी खोपोलीच्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी जुन्या डिस्कला व्हर्नियर लावला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आमची त्याच्याही खाली गेली होती. म्हणजे डिस्क बदलायची तर होतीच. ऑईल काढलं ते चहासारखं तपकिरी. साध्या डिस्क, चांगले पॅड, डॉट-४, हवा काढून दिली. सगळं मिळून कोटेशनच्या निम्म्यात. “ताई, नवे पॅड आहेत, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, बसू द्या,” म्हणाले. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्यांनी सांगितल्यावर पटलं.

गणपतीत पुन्हा लोणावळ्याहून उतरलो. मामा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत होतं, मागचे हॉर्न मारत होते. शिंगरोबाला नाणं टाकलंच. खोपोलीत उतरल्यावर मी चाकाजवळ हात नेला, कोमट. भाऊ अजून कुरकुरतो की अलॉयमधून आत काहीच दिसत नाही.